फ्रान्समध्ये सायकल : गाड्याच नसलेले रस्ते हवेत, सल्ला द्या

कोथरूडची_चाकं
नमस्कार मंडळी. मी ५६, नवरा ६१. पंधरा वर्षं दोघं सायकल चालवतोय. रविवारी पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरी, कारण त्यानंतर रस्ता आपला राहत नाही. गेल्या वर्षी मुळशीच्या रस्त्यावर एका टेम्पोचा आरसा ह्यांच्या कोपराला चाटून गेला. हाड वाचलं, पण तेव्हापासून मागे इंजिनाचा आवाज आला की ह्यांचे खांदे आपोआप वर जातात.

भाची तुलूझला शिकते. सप्टेंबरच्या मध्यापासून दहा-बारा दिवस तिकडे आहोत. रोज ५०-६० किमी जमेल. चढ चालेल, ट्रक चालणार नाही. नेटवर शोधलं की लोआर नदीकाठचा मार्ग आणि राजवाडे येतात. सुंदर असेल, पण फोटोत सायकलींचीच जत्रा दिसते. आम्हाला शांत हवंय. आमच्या रोड बाइक आहेत, २८ चे टायर. शाकाहारी आहोत, अंडं चालतं. फ्रेंच शून्य. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गरोनकाठ
तुलूझहून? मग डोळे झाकून कालवा घ्या. गरोन कालव्याच्या काठचा मार्ग तुलूझपासून कास्ते-आं-दोर्तपर्यंत जातो, कालव्याची लांबी १९३ किमी. डांबरी आहे, गाड्यांना बंदी आहे, चुकायची सोय नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही काठांना प्लेनची झाडं, म्हणजे काश्मिरी चिनाराची भावकीच. वाटेत म्वासाकचा जुना मठ लागतो. आजांला कालवाच पुलावरून नदी ओलांडतो : ५३९ मीटर, २३ कमानी. खाली गरोन वाहते आणि वरून बोट जाते.

उलट्या दिशेला, समुद्राकडे जाणारा मिदी कालवा जास्त प्रसिद्ध आहे, पण तुलूझपासून साधारण ५० किमीनंतर डांबर संपतं. पुढे माती आणि झाडांची मुळं. २८ च्या टायरवर कंबर बोलेल. शिवाय २००६ पासून तिथल्या प्लेनच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, हजारो झाडं तोडावी लागली. पोस्टकार्डावरची सावली बऱ्याच टप्प्यांत आता नाही.

पांढरी_रेघ
कालवा चांगलाच आहे, आल्या-आल्या अंग मोकळं करायला एक दिवस जरूर करा. पण तुम्ही घाटातली माणसं. दुसऱ्या दिवशी कंटाळाल. झाड, झाड, लॉकगेट, झाड.

मी नऊ वर्षं तुलूझमध्ये आहे. पहिली दोन वर्षं मीही 'सायकल ट्रॅक'च शोधत होतो. इथला सगळ्यात रिकामा रस्ता सायकलवाल्यांसाठी म्हणून कोणी बांधलेला नाही. दोन वाड्यांना जोडणारा साधा डांबरी रस्ता असतो तो. देशात रस्ते सुमारे ११ लाख किमी, त्यातले निम्म्याहून जास्त स्थानिक गावांच्या ताब्यात, आणि अशा ग्रामसंस्था जवळजवळ ३५,०००. प्रत्येक गाव आपला रस्ता राखतं. पण गावात माणूस कुठाय? तुम्हाला मी सुचवणार आहे तो, तुलूझच्या उत्तरेचा लो जिल्हा घ्या. १८५१ च्या आसपास तिथे तीन लाखांच्या जवळ वस्ती होती. मग १८७० नंतर फायलोक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे खाल्ले, पोरं शहरात गेली. आज पावणेदोन लाखांच्या आसपास उरलेत. आपल्या कोकणासारखंच. यांचा गणपती ऑगस्टात असतो : तेव्हा बंद घरं उघडतात, अंगणात खुर्च्या येतात. सप्टेंबर उजाडला की चाकरमानी परत, खिडक्यांच्या झडपा बंद. रस्ता मात्र तीन लाखांचा, आणि तो आता तुमचा.

हे रस्ते ओळखायचे कसे? मिशेलिनचा जिल्हावार कागदी नकाशा घ्या, १ सेंमीला दीड किमीवाला. लाल रस्ता टाळा, पिवळा नाइलाज असेल तरच, पांढऱ्यावर राहा. पांढऱ्याला हिरवी कड असेल तर तो देखणा. नकाशात रस्त्यावर छोटे बाण असतात, टोक चढाच्या दिशेला : एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३. तीन बाण दिसले तर आधी जेवून घ्या.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. 'डी' म्हणजे जिल्हामार्ग, आणि आकडा मोठा म्हणजे रस्ता छोटा असं लोक समजतात. मीही समजलो होतो. डी ८२० वर गेलो आणि पाठीमागून ट्रकांची रांग! तो जुना राष्ट्रीय महामार्ग २०. २००६ च्या सुमारास केंद्राने असे बरेच रस्ते जिल्ह्यांच्या गळ्यात मारले आणि त्यांना नवे आकडे मिळाले. लोमध्ये ८२०, ८४०, ९११ आणि नदीकाठचा ६६२ यांच्यापासून लांब राहा. आकड्यापेक्षा रंगावर विश्वास ठेवा.

मार्ग : तुलूझहून थेट फिजाकला लोकल गाडी (तेएर) जाते. सायकल आहे तशी चढवायची. टांगायचे हूक मोजकेच असतात, म्हणून सकाळची लवकरची गाडी धरा. फिजाकला दोन मुक्काम. इजिप्तची चित्रलिपी वाचणारा शाम्पोलियाँ इथलाच, ती लिपी ज्या शिळेवरून उलगडली त्या रोझेटा शिळेची एका चौकात अंगणाएवढी प्रतिकृती फरशीसारखी पसरली आहे. तिथून सेले नदीचं खोरं धरा, डी ४१. एका बाजूला पांढरे कडे, दुसऱ्या बाजूला मका आणि नदी. ब्रेंग, मार्सियाक, काब्रेरे. रमतगमत ५० किमीचा दिवस. काब्रेरेला दोन-तीन रात्री राहा. वरती पेश-मेर्ल गुहा आहे, भिंतीवर ठिपक्यांचे घोडे, २५ हजार वर्षांहून जुने. तिकीट आधी काढा, रोज ठरावीक माणसंच आत सोडतात.

खरं सुख खोऱ्याच्या वर आहे. वर चुनखडीचं पठार, त्याला 'कोस' म्हणतात. चढ दीडशे-दोनशे मीटरचा, सिंहगडवाल्यांना काहीच नाही. वर पोचलं की खुरटे ओक, दगडाच्या कोरड्या भिंती आणि मेंढ्या. पांढऱ्या मेंढ्या, पण डोळ्याभोवती काळं वर्तुळ. अख्खा कळप चश्मा लावून तुमच्याकडे बघतो.

गेल्या वर्षी तिथे घड्याळ लावून बघितलं. चाळीस मिनिटांत एक वाहन, पोस्टाची पिवळी गाडी. वळण होतं म्हणून ती माझ्या मागे थांबली. हॉर्न नाही, इंजिन रेटणं नाही. रस्ता सरळ झाल्यावर पूर्ण पलीकडच्या बाजूने गेली. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचा कायदाच आहे, आणि खेड्यात तो पाळतात. तुमच्या मिस्टरांचे खांदे दोन दिवसांत खाली येतील.

सावध राहायचं ते असं. पाटीवर ग्राव्हियों (बारीक खडी) लिहिलेलं दिसलं की वेग कमी. उन्हाळ्यात डांबर शिंपडून वर खडी टाकतात आणि दाबायचं काम गाड्यांवर सोडतात. गाड्याच नाहीत, तर खडी महिनाभर सुटीच राहते. मी उतारावर पाटी वाचली आणि 'हा काय बाबा शब्द' म्हणेस्तोवर आडवा. गुडघ्यात अजून एक खडा असावा. दुसरं, गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, तो कितीही फुटकळ बोळातून येवो. आणि सप्टेंबरात शिकारीचा हंगाम सुरू होतो. रविवारी भडक जाकीट घाला, रानवाटांत शिरू नका.

बीआरएम_बंडू
रेघभाऊंना +१. मी २०२३ ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल राइड केली (९० तासांत संपवायचा गट). १२०० किमीत मोठे रस्ते किती लागले ते बोटांवर मोजेन. रात्री दोनला एका खेड्यात घरासमोर टेबल मांडून आजी-आजोबा कॉफी देत होते. पैसे विचारले तर आजी रागावल्या. आपल्याकडे वारीत कोणी केळी वाटतो तसंच.

पाण्याची युक्ती : दुकान, हॉटेल काही नसेल तर कब्रस्तान शोधा. चर्चजवळ किंवा गावाच्या टोकाला भिंतीआड असतं, आणि आत नळ असतोच. फुलांसाठी असला तरी बहुतेक ठिकाणी गावाचंच पाणी. 'नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर मात्र पिऊ नका.

कोथरूडची_चाकं
रेघदादा, काय लिहिलंत! ह्यांना वाचून दाखवलं. मेंढ्यांपर्यंत ऐकलं आणि उठून सायकलची चेन पुसायला गेले.

कब्रस्तानचं पाणी मात्र ह्यांना पटत नाहीये. सासूबाई असत्या तर फ्रान्सच रद्द झालं असतं. आता पोटाचं सांगा. आणि सायकली इथून आणू की तिथे भाड्याने?

पांढरी_रेघ
पाण्याबद्दल बंडूशेठ बरोबर आहेत. पठारावर ओढे-नाले जवळपास नाहीत, चुनखडी सगळं पाणी गिळते. दोन-दोन बाटल्या घ्या, सोवळं तुलूझला ठेवून या.

पोटाचं खरंच अवघड आहे, गोड बोलत नाही. रस्ते ज्या कारणाने रिकामे, त्याच कारणाने दुकानंही बंद. दुपारी बारा ते दोन जेवण मिळतं. सव्वादोनला पोचलात तर खुर्च्या उलट्या टेबलावर. रविवारी दुपारनंतर सगळं बंद, आणि सोमवारी बेकरीसुद्धा बऱ्याच गावांत बंद. एकदा रविवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ मी कालच्या पावावर आणि आईच्या लसणीच्या चटणीवर काढली. चटणी आणाच. भडंग, खाकरे, जे टिकतं ते.

मुक्कामाला 'शांब्र दोत' बघा, म्हणजे घरातल्या खोल्या. 'ताब्ल दोत' असेल तर रात्री मालकांच्याच टेबलावर जेवण. आधी कळवलं तर शाकाहारी करतात, फक्त ऐनवेळी नको. हॉटेलात ऑम्लेट आणि बकरीच्या गरम चीजचं सॅलड हे दोन मित्र. 'सां व्यांद' (बिनमांसाचं) म्हणून थांबू नका, 'सां लार्दों'ही म्हणा. लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे. इथल्या लोकांच्या लेखी ते मांस नसून मसाला आहे. आणि दुकानात शिरताना आधी 'बोंझूर', मग काय ते काम. बोंझूर गिळलात तर पुढचं इंग्रजी कोणाला समजत नाही.

सायकली तुमच्या अंगाच्या असतील तर खोक्यात घालून आणा, भाचीकडे खोकी ठेवता येतील. टायर जमलं तर ३० चे करा, इथलं डांबर खरखरीत आहे. मागे ३२ दातांचं चक्र असू द्या.

गरोनकाठ
मी कालव्याचा वकील, तरी एक कबुली. सेलेच्या खोऱ्यात गेल्या मे महिन्यात गेलो होतो, रेघ म्हणतात ते खरं आहे. फक्त काब्रेरेजवळचं सें-सिर्क-लापोपी फार मनावर घेऊ नका. २०१२ मध्ये टीव्हीवर फ्रान्सचं आवडतं गाव ठरलं आणि तेव्हापासून वाहनतळ भरलेला. सकाळी आठला जा, फोटो काढा, उतरा.

कोथरूडची_चाकं
ठरलं. एक दिवस कालवा, मग फिजाक, काब्रेरे, पठार. नकाशा भाचीला घ्यायला सांगितलाय. चटणी मी करतेय. एकच प्रश्न राहिला : सप्टेंबरअखेर तिकडे रस्त्यावर अक्रोड पडलेले असतात असं भाची म्हणते. वेचले तर चालतात का? हे पिशवी घेऊन निघालेत.

पांढरी_रेघ
झाडाखालचे मालकाचे, त्यांचा तो हंगाम असतो. टायरखाली फुटला तो तुमचा. ओला अक्रोड कडवट लागतो, वरची पातळ साल सोलून खायचा. बोटं आठवडाभर काळी राहतात, भाचीच्या पांढऱ्या टॉवेलला पुसू नका.