मदत हवी आहे: मसाल्याच्या वेबसाइटचं डोमेन हातचं चाललंय

नमस्कार मंडळी,

नागपुरात महालात आमचा सावजी मसाल्याचा घरगुती धंदा आहे. सासूबाईंनी सुरू केला, आता मी आणि जाऊबाई बघतो. २०१९ मध्ये ओळखीतल्या एका मुलानं वेबसाइट करून दिली. डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता), होस्टिंग (म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा) सगळं त्यानंच त्याच्या खात्यातून घेतलं. आम्ही दरवर्षी त्याला पैसे पाठवायचो. पासवर्ड आमच्याकडे कधीच नव्हता.

मध्यंतरी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, "अगं, तुमचं नाव टाकलं तर भलत्याच जाहिराती दिसतात." उघडून पाहिलं तर खरंच. सासूबाईंचा खलबत्त्याजवळ बसलेला फोटो, दरपत्रक, काहीच नाही. तो मुलगा आता बंगळुरात असतो. "मुदत संपली असेल, बघतो" म्हणाला, त्याला नऊ दिवस झाले.

माझा जीव टांगणीला लागलाय, कारण नुकतेच पाच हजार पाउच छापून आणलेत आणि प्रत्येकावर हाच डॉट कॉमचा पत्ता आहे. कळमन्यातून आणलेली मिरची वाळून, देठ काढून तयार आहे, याच आठवड्यात कांडप. ठोक ऑर्डरी येतात तो ईमेलसुद्धा त्याच नावाचा, तोही बंद. डोमेन परत मिळेल का? आणि जुना मजकूर?

प्रतिसाद १

ताई, मिळू शकतं, पण आजच हला. आयकॅन ही डोमेनची जागतिक व्यवस्था बघणारी संस्था, तिच्या लुकअप पानावर तुमच्या डोमेनचं नाव टाकून 'स्टेटस' बघा. मुदत संपल्यावर डोमेन विकणाऱ्या बहुतेक कंपन्या काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. मग डॉट कॉमला ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन'चा, म्हणजे सोडवून घ्यायचा काळ असतो. तेव्हाही ते जुन्या खातेदारालाच परत मिळतं, फक्त वर जबर शुल्क पडतं. त्यानंतर ५ दिवसांनी नाव सुटतं आणि कुणीही घेऊ शकतं. काही कंपन्या तर त्याआधीच लिलावात काढतात, म्हणून दिवस मोजत बसू नका.

खातं त्या मुलाचं आहे, म्हणून नूतनीकरण त्यालाच करावं लागेल. आठवणीचे ईमेल त्याच्याच पत्त्यावर गेले असणार. त्याला "बघ" म्हणू नका, फोनवर धरून बसवा. मग त्याच कंपनीत स्वतःचं खातं उघडून डोमेन त्यात हलवून घ्या. दुसऱ्या कंपनीत न्यायचं असेल तर ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त कोड) मागावा लागेल.

एक गोष्ट मात्र त्याच्याही आधी करा. बँक, कुरिअर, पेमेंट गेटवे जिथे जिथे तो ईमेल दिलाय, तिथे बदला. उद्या ते नाव दुसऱ्यानं घेतलं तर त्या पत्त्यावरचे ईमेल त्याला मिळतील, पासवर्ड बदलायच्या लिंकसुद्धा.

प्रतिसाद २

मजकुरासाठी वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) जुना पत्ता टाकून बघा. आमच्या इतवारीच्या दुकानाचं दरपत्रक तिथेच सापडलं होतं. फोटो सगळे मिळतीलच असं नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. स्टेटसमध्ये 'रिडेम्प्शन पिरियड' दिसलं आणि पोटात गोळाच आला. बँकेचा ईमेल आधी बदलला. मग त्या मुलाच्या आईला फोन केला, त्या शेजारच्याच वाड्यात राहतात. तासाभरात त्याचा व्हिडिओ कॉल आला. शुल्क आम्ही भरलं, त्यानं माझ्यासमोर अर्ज टाकला. डोमेन परत आलं की माझ्या खात्यात देतो म्हणालाय. खातं मी उघडून ठेवलंय, पासवर्ड जाऊबाईंच्या वहीतही लिहिलाय. वेबॅकवर दरपत्रक मिळालं. सासूबाईंचा फोटो नाही मिळाला, तो उद्या सकाळी नव्यानं काढणार आहोत, त्याच खलबत्त्याजवळ.

होस्टिंगचं काय करायचं ते रात्री विचारते. आत्ता कांडपवाल्याकडे नंबर लागलाय.