देशाचा अभिमान वाटणं बरोबर, की तो नुसता जन्माचा योगायोग?

डिचोलीची मुलगी

नमस्कार सगळ्यांना. आमच्या घरात सध्या एकाच विषयावरनं वाद चाललाय आणि मला खरंच कळेनासं झालंय म्हणून इथे विचारते. माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टसाठी कागद जमवतोय, त्याचे आजोबा 1961 च्या आधी, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असताना, इथेच जन्मले त्यामुळे त्याला तो हक्क मिळतो. मोठे काका चिडलेत, म्हणतात ज्या सरकारने आपल्या माणसांना आग्वादच्या तुरुंगात डांबलं त्यांच्या दारात जाऊन उभा राहतोस, तुला देशाचा काही अभिमान आहे की नाही? त्यावर भाऊ शांतपणे म्हणाला की अभिमान कशाचा काका, मी डिचोलीत जन्मलो यात माझं काय कर्तृत्व, आईबापांनी निवडलेली जागाय ती, जे मी कमावलंच नाही त्याचा गर्व करणं मला पटत नाही.

काका गप्प झाले पण मला रात्रभर ते वाक्य छळत होतं, कारण त्याला उत्तर काय द्यायचं तेच सुचेना. मला स्वतःला अभिमान वाटतो, 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, झेंडा वर जातो तेव्हा अंगावर काटा येतो, तो काही मी ठरवून आणत नाही. मग हे सगळं खोटं म्हणायचं का? की चांगलं आहे पण तर्कात बसत नाही? कृपया नुसतं "देशद्रोही" वगैरे लिहू नका, तो माझा भाऊ आहे आणि माणूस म्हणून लाख चांगला आहे.

फोंड्यातला वाचक

तुमच्या भावाचं बरोबर आहे असंच मला वाटतं, आणि गोंयकाराला तर हे लगेच पटायला हवं. 1951 मध्ये पोर्तुगालने आपल्या घटनेत बदल करून गोव्याला वसाहत म्हणायचं बंद केलं आणि "सागरापलीकडचा प्रांत" केलं, म्हंजे कागदावर आमचे आजोबा पोर्तुगालचेच नागरिक. 18 डिसेंबर 1961 ला झोपताना ते एका देशाचे आणि दोन दिवसांनी उठले तेव्हा दुसऱ्या देशाचे. माणूस तोच, घर तेच, विहीर तीच. मग अभिमान काय सैन्याच्या गाडीतनं येतो? सरकार बदललं की त्याच्याबरोबर जो बदलतो त्याला मी अभिमान म्हणत नाही, ती सवय झाली.

आणि दुसरं, देशाच्या अभिमानाच्या नावाने जगात जेवढी माणसं मारली गेलीत तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने मेली असतील. रवींद्रनाथ टागोरांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच राष्ट्रवादावर भाषणं देऊन हा धोका सांगितला होता, तेही स्वतः गुलाम देशात राहत असताना. मला माझ्या माणसांवर प्रेम आहे, आमच्या गावच्या देवळावर, जत्रेवर आहे. त्याच्यापुढे आणखी अभिमान कशाला पाहिजे ते मला कुणी समजावून सांगा.

पेडण्यातून

फोंड्यातल्या वाचकबाब, मी समजावतो. आमच्या पेडणे तालुक्यात पत्रादेवी आहे, बांद्याकडनं येताना हद्दीवर हुतात्मा स्मारक लागतं, हायवेवरनं जाणाऱ्या बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. 15 ऑगस्ट 1955 ला हातात तिरंगा घेतलेले निःशस्त्र सत्याग्रही तिथनं आत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यात पंजाबातला कर्नेलसिंग बेनिपाल होता, ऐन तरुण पोर, तो तिथेच पडला. मध्यप्रदेशच्या सहोदराबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागली.

आता मला सांगा, पंजाबातल्या पोराचं पेडण्यात काय होतं? जमीन नाय, नातेवाईक नाय, आमची भाषासुद्धा त्याला येत नव्हती. तुम्ही म्हणता माझ्या माणसांवर माझं प्रेम आहे तेवढं पुरे. बेनिपालने तेवढंच धरलं असतं तर तो त्याच्या गावात शेत नांगरत बसला असता, आणि त्यात चूक काहीच नव्हती. ज्याला कधी भेटलो नाही तो माणूसही माझा आहे असं वाटायला जे लागतं ना, तेच हे. ते तर्कात बसवता येत नसेल तर तर्क अपुरा आहे असं मी म्हणेन.

आणि कागदाचं म्हणाल तर डॉ. पुंडलिक गायतोंडे घ्या. म्हापशात सर्जन, चांगली प्रॅक्टिस. 1954 च्या फेब्रुवारीत एका निरोपाच्या जेवणात कुणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच असं बोललं आणि हे भर टेबलावर म्हणाले, माझा निषेध. बस एवढंच. त्यासाठी अटक करून त्यांना पोर्तुगालला नेलं. सैन्य यायला अजून सात वर्षं होती, म्हणजे सैन्याच्या गाडीतनं त्यांचा अभिमान आलेला नव्हता. मोहन रानडे तर सांगलीकडचे, इथे मराठी शिकवायला मास्तर म्हणून आले, सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले, बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळ काशियशच्या तुरुंगात होते, सुटले 1969 मध्ये, त्यासाठी सुधीर फडक्यांनी किती खटपट केली ते जुन्या लोकांना माहीत आहे. ही माणसं कुठल्या योगायोगाने तुरुंगात गेली?

सत्तरीचा

मला वेगळंच विचारायचंय. अभिमान कुठल्या पातळीवरचा? म्हादई नदीचं पाणी कर्नाटकात वळवायची गोष्ट निघाली की मी आधी गोंयकार असतो, कर्नाटकवाला आधी कन्नडिग असतो. 2018 च्या निवाड्यात पाणीवाटप लवादाने कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं तेव्हा आमच्या वाळपईच्या बाजारात जो राग होता तो काय देशाविरुद्धचा होता? मुळीच नाही. नदी आटली तर आमचं काय होणार ही भीती होती. पण तिकडच्या लोकांनाही प्यायला पाणी पाहिजेच. नुसत्या अभिमानाने हा प्रश्न सुटणारा नाही, त्याला पाण्याचे आकडे आणि जंगलाचा अभ्यास लागतो. एवढंच म्हणणं होतं.

सांतिनेजकर

मी पणजीत वाढलेलो, वय झालंय, 61 साली शाळेत जाणारा मुलगा होतो. तेव्हाचं जे पुढे वाचलं त्यातनं मला या प्रश्नाचं उत्तर थोडं थोडं उमगलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

त्या डिसेंबरात भारतीय सैन्य हद्दीवर जमलं तेव्हा इथला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल होता वासालो इ सिल्वा. त्याच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, विमानदळ जवळपास नाहीच, आणि लढाईचं म्हणावं असं एक जहाज, "आफोन्सो द आल्बुकेर्क", तेही जुनं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लिस्बनहून त्याला जो आदेश पाठवला त्याचा अर्थ साधा होता, शरणागती नको, पोर्तुगीज कैदी नकोत, सैनिक आणि खलाशी एकतर जिंकलेले दिसले पाहिजेत नाहीतर मेलेले. निदान आठ दिवस तरी लढवा म्हणजे जगात बोंब मारता येईल. म्हणजे लिस्बनमध्ये खुर्चीत बसलेल्या माणसाने आपल्या देशाच्या अभिमानासाठी साडेतीन हजार पोरांचा जीव मागितला, आणि लढाई शहरात आली असती तर आम्ही पणजीकरही त्यात गेलो असतो, आम्हाला कोण विचारत होतं.

वासालो इ सिल्वाने तो आदेश पाळला नाही. बाणस्तारीचा पूल उडवला वगैरे झालं, ते जहाज गोळ्या खाऊन बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, दोन्हीकडची माणसं गेली, अंजदीव बेटावर आपले नौसैनिक मेले, ते विसरता कामा नये. पण 19 तारखेला संध्याकाळी त्याने शरणागतीवर सही केली आणि आमचं शहर उभं राहिलं. हे पोर्तुगीज सैनिक काही महिने इथल्या कॅम्पांत कैदी होते, मग परत गेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांना गुन्हेगारांसारखी वागणूक मिळाली, आणि गव्हर्नरला लष्करातनं काढून टाकलं. देशाची लाज घालवली म्हणून.

मग 1974 च्या एप्रिलमध्ये त्याच पोर्तुगालच्या सैन्याने ती हुकूमशाही उलथली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली, वासालो इ सिल्वाला त्याचा हुद्दा परत मिळाला, आणि वर्ष संपता संपता, 31 डिसेंबरला, पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे करारात मान्य केलं. आज तिथला माणूस 25 एप्रिलची सुट्टी अभिमानाने पाळतो. देश तोच आहे. फरक एवढाच की आधीच्या अभिमानात सरकारची चूक झाली असं म्हणायची सोय नव्हती आणि नंतरच्या अभिमानाचा पायाच ती चूक दुरुस्त करण्यात आहे.

म्हणून बाय, तुझ्या भावाला विचार, की त्याला कधी देशाची लाज वाटते का. रस्त्यात कुणा परदेशी पोरीला कुणी त्रास दिला, समुद्रकिनाऱ्यावर दारूच्या बाटल्या फोडून ठेवल्या, तर आत कुठेतरी मान खाली जाते का? ते त्याने केलेलं नसतं तरी जाते. जर न केलेल्या गोष्टीची लाज वाटू शकते तर न केलेल्या गोष्टीचा अभिमान वाटण्यात तर्क कुठे मोडतो? दोन्हीचं मूळ एकच, हे घर माझं आहे आणि त्याचा जाब मलाही विचारला जाईल. ज्याला नुसता अभिमान वाटतो आणि लाज कधीच वाटत नाही त्या माणसापासनं मात्र मी लांब राहतो, कारण सालाझारही तसाच होता.

फोंड्यातला वाचक

सांतिनेजकर काका, लाजेचा मुद्दा मला मान्य आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पेडण्यातल्या बाबने सांगितलेल्या बेनिपालबद्दलही आदरच आहे. पण एक शंका उरतेच. तो पेडण्यात आला तो देशाच्या अभिमानाने, की कुणीही कुणाला गुलाम करू नये या विचाराने? दुसरं कारण असेल तर त्याला देशाची हद्द लागत नाही, तोच माणूस पोर्तुगालच्याच ताब्यातल्या अंगोलातल्या लोकांसाठीही उभा राहिला असता. मला तो दुसरा विचार जास्त मोठा वाटतो.

पेडण्यातून

दोन्ही असेल, आणि मोठा कुठला ते ठरवायला आपण कोण. पण अंगोलाला कुणी गेलं नाही आणि पत्रादेवीला शेकडो आले, हे तर घडलेलं आहे ना.

म्हापशाहून

एक राहूनच जातंय म्हणून लिहितो. आपण इथे मराठीत लिहिणारे, आपल्यातल्या कितीतरी घरांनी 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात फुलावर शिक्का मारला होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणून. दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवा म्हणणारे, 34,021 मतांनी जिंकली. आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती असं आई सांगायची. त्यांचा अभिमान खोटा होता? बिलकुल नाही, मराठीवरचं त्यांचं प्रेम अस्सल होतं. आणि दोन पानांवाल्यांचाही तेवढाच अस्सल. पण बघा, त्यानंतर काही महिन्यांतच निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. हरलेल्यांनी मतपेटीचा निकाल मानला, जिंकलेल्यांनी हरलेल्यांना शत्रू मानलं नाही. भांडणं पुढे भाषेवरनं खूप झाली, 1987 पर्यंत चालली, ती लपवायची नाहीत. तरी अभिमान दुखावूनही निकाल मान्य करता येतो हे आमच्या आईवडलांनी करून दाखवलं आणि मला त्याच गोष्टीचा अभिमान सगळ्यात जास्त आहे. आजच्या भांडकुदळ टीव्हीवर हे कुणी सांगत नाही.

मडगावची

मी फक्त पासपोर्टबद्दल बोलते कारण माझा सख्खा भाऊ इंग्लंडात आहे, स्विंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, ब्रेक्झिटच्या आधी. गोदामात रात्रपाळी करतो. घरातलं पहिलं पक्कं छप्पर त्याच्या पैशांनी झालं. तो गेला तेव्हा त्याला सालाझार नको होता की पोर्तुगाल नको होतं, त्याला पगार पाहिजे होता. काकांना हे सांगा डिचोलीच्या ताई, की अभिमान असलेल्या पोराला इथेच बरी नोकरी मिळाली असती तर तो गेलाच नसता, आणि ती नोकरी का नाही मिळाली याचा राग आधी इथल्या राज्यकर्त्यांवर काढा, मग पोरावर. 18 जूनला माझा भाऊ तिकडनं फोन करतो, लोहिया मैदानावर कार्यक्रम झाला का म्हणून विचारतो. 1946 ला डॉ. लोहियांनी तिथे सभा घेतली तेव्हा आमचे आजोबा गर्दीत होते, हे त्याने त्याच्या पोरांना सांगितलंय. कोणाला त्याचा अभिमान कमी वाटत असेल तर वाटू दे.

पण भावाला अंधारात ठेवू नका. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो, हे लपवून मतदान करत राहणारे आहेत ते चुकतात.

डिचोलीची मुलगी

सगळ्यांना देव बरें करूं. सांतिनेजकर काकांचं लिखाण मी काल आमच्या मोठ्या काकांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले भावाला रविवारी जेवायला बोलव. लाजेचा प्रश्न मी भावाला विचारला. तो म्हणाला वाटते, खूप वेळा वाटते, आणि हे असं कधी मनात आलंच नव्हतं. पासपोर्टचं मात्र त्याचं ठरलंय, तो जाणार.

मडगावच्या ताई, एक विचारायचं होतं. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते, घेतलं तर त्याला इथे मत देता येतं का? आणि आजोबांच्या कुळागराचं, म्हणजे सुपारीच्या बागेचं, काय होतं, ते त्याच्या नावावर राहील ना?

मडगावची

मत नाही देता येत, कुठल्याच निवडणुकीत, पंचायतीतही नाही. शेतजमीन आणि बागायत विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते, त्यामुळे कुळागर जाणार नाही, तेवढी काळजी करू नका. कागद करताना वकिलाला आधी दाखवा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि तो जायच्या आधी सगळ्यांनी मिळून एकदा पत्रादेवीला जाऊन या, काकांनाही घेऊन जा.