हाऊसबोट फक्त इंग्रजांची?

दल सरोवरातल्या हाऊसबोटी इंग्रजांनी आणल्या, कारण त्यांना काश्मीरमध्ये जमीन घेता येत नव्हती, असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. हांजी लोक, म्हणजे काश्मीरमधले नावाडी, त्याआधीपासून डोंग्यांत, म्हणजे छप्पर असलेल्या लाकडी होड्यांत, संसार करत होते. आजची हाऊसबोट त्याच डोंग्याची सजवलेली लेक आहे.

आम्ही राहिलो त्या बोटीला मागे छोटा डोंगा बांधलेला होता. मालकांचं कुटुंब तिथे राहायचं, आमचं जेवणही तिथूनच यायचं. त्यांच्यातल्या आजोबांनी हाताला धरून छत दाखवलं: खिळा न मारता एकमेकांत बसवलेले लाकडाचे तुकडे, खतमबंद. "वडिलांनी बनवून घेतलं," म्हणाले. बोट देवदाराची. तिन्ही पिढ्या तिच्यावरच जगलेल्या. हांजींचं नाव हाऊसबोटींच्या चर्चेत यायलाच हवं.