मदत हवी आहे : सीडी खराब आहे का? (परत करायला उद्यापर्यंतच मुदत)

ऋतू_पावसाळी
शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराच्या सिंफनींचा (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) संच घेतला, अगदी स्वस्तात. पहिला पाव तास काही ऐकूच येत नाही. आवाज वाढवत ४५ वर नेला आणि मग असा दणका बसला की खालचे काका वर आले. शिवाय एक भाग संपला की न थांबता पुढचा सुरू. परत करू का? पटकन सांगा.

टाकाऊ_टिकाऊ
कुठली सिंफनी? पंधरा आहेत.

ऋतू_पावसाळी
मधलीच एक लावली. १९०५ लिहिलंय. इतकं जुनं म्हणून आवाज कमी का?

टाकाऊ_टिकाऊ
अहो, ते रेकॉर्डिंगचं साल नाही! ती अकरावी, १९५७ ची. १९०५ म्हणजे पीटर्सबर्गला झारच्या सैन्याने मोर्चावर गोळ्या झाडल्या ते वर्ष. वाजवलीय कोणी?

ऋतू_पावसाळी
वाद्यवृंद-संचालक बार्शाई. ११ सीडी.

जुनी_तबकडी
द्या परत. रशियन संगीत रशियनांनीच वाजवावं. म्राविन्स्कीने संचालन केलेली घ्या. माझ्याकडे मेलोदिया या रशियन कंपनीची एलपी (तबकडी) आहे, सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात घेतलेली. स्वस्त सीडी म्हणजे पाणी घातलेलं दूध.

आळंदीकर
बार्शाई काय आळंदीचे होते? तेही रशियनच. चौदावी १९६९ मध्ये त्यांनीच पहिल्यांदा सादर केली. वाद्यवृंद जर्मनीतल्या कलोनच्या रेडिओचा आहे, एवढंच.

साबणवाला
सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी. गोल गोल पुसू नये.

जुनी_तबकडी
मी वाद्यवृंदाबद्दलच बोलत होतो.

मंद्रसप्तक
ताई, सुरुवात मुद्दामच हळू आहे. पहाटेचा रिकामा चौक, थंडी. तंतुवाद्यं दबकी, खाली टिंपनी, म्हणजे मोठे नगारे. चारही भाग सलग वाजवायचे असंच लिहिलंय. आता पारख : हेडफोन लावा, आवाज एकदा ठरवा आणि बटणाला हात लावू नका. दुसऱ्या भागात गोळीबार एकदम तुटतो आणि तोच चौक परत येतो. त्या क्षणी चेलेस्टा या छोट्या पियानोसारख्या वाद्याचे बारीक सूर आणि तंतुवाद्यांची थरथर वेगवेगळी ऐकू आली, तर रेकॉर्डिंग चांगलं. सगळा गाळ झाला असेल तर द्या परत. आणि ऐकताय कशावर?

ऋतू_पावसाळी
टीव्हीवर. डीव्हीडी प्लेअर जोडलाय.

टाकाऊ_टिकाऊ
हे आधी सांगायचं ना!!

आळंदीकर
टीव्हीच्या स्पीकरवर टिंपनी शोधताय? बरं, तिसरा भागही बघा. व्हायोलांवर (व्हायोलिनपेक्षा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) हुतात्म्यांचं शोकगीत येतं. बार्शाई मूळचे व्हायोलावादक. तिथे या संचाचे पैसे वसूल होतात.

जुनी_तबकडी
एलपीवर व्हायोला जास्त ऊबदार लागतात.

साबणवाला
एलपी पुसायची पद्धत वेगळी.

ऋतू_पावसाळी
भावाचे हेडफोन घेतले. ती घंटीसारखी किणकिण म्हणजे चेलेस्टा ना? आली ऐकू, दणका थांबल्याबरोबर. ठेवतेय संच. आता शेवटी खरोखरच्या घंटा आहेत म्हणे, त्याआधी आवाज किती कमी करू?