होमब्रू (स्वतः बनवलेला) स्पेल बॅलन्स करायचाय, मदत करा (डी अँड डी ५ई, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळाची पाचवी आवृत्ती)

निशाचर_डीएम:
आमच्या ग्रुपमधल्या वॉरलॉकला (जादू करणारं पात्र) स्वतःचा स्पेल हवाय, नाव ठेवलंय सावलीचा फास. दुसऱ्या लेव्हलचा, २० फूट त्रिज्येत सगळ्यांना ४डी६ (सहा बाजूंचे चार फासे) नेक्रोटिक डॅमेज, इंटेलिजन्स सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) हुकला की वर एक मिनिट रिस्ट्रेन्ड (जखडलेले), कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लक्ष धरून ठेवायची अट) नाही. पोरगं हौसेने लिहून आणतंय म्हणून सरळ नाही म्हणवत नाही. पार्टी पाचव्या लेव्हलला आहे. काय काय कापू?

फासे_पडले:
२०१४ च्या डीएमजीत (डन्जन मास्टर्स गाइड, खेळ चालवणाऱ्याचं पुस्तक) स्पेल बनवायचं टेबल आहे ते आधी उघड. दुसऱ्या लेव्हलला एका टार्गेटला ३डी१०, अनेकांना ४डी६, सेव्ह झाला तर अर्धं. म्हणजे याने डॅमेजमध्येच सगळं बजेट उडवलंय आणि रिस्ट्रेन्ड फुकटात मागतोय. रिस्ट्रेन्ड काय साधं आहे का, स्पीड शून्य, त्याला मारणाऱ्यांना ॲडव्हान्टेज, त्याचे अटॅक आणि डेक्स (चपळाईचा) सेव्ह दोन्ही डिसॲडव्हान्टेजने, मागून विझार्डने फायरबॉल टाकला की खेळ खल्लास. वेब हा स्पेल पण दुसऱ्या लेव्हलचाच आहे, तो पकडून ठेवतो पण स्वतः डॅमेज देत नाही आणि कॉन्सन्ट्रेशन खातो. डॅमेज किंवा पकड, दोन्ही पूर्ण नाही मिळणार.

कोकणी_बार्ड:
पण त्या टेबलात फायरबॉल तरी कुठे बसतो? तिसऱ्या लेव्हलला ६डी६ लिहिलंय आणि तो ८डी६ मारतो

फासे_पडले:
तो मुद्दाम जड ठेवलाय, लाडका स्पेल आहे. त्याला फूटपट्टी केलंस तर सगळे होमब्रू वरच सरकत जाणार.

गुहेतली_मावशी:
सगळे डॅमेज मोजत बसलेत, मला इंट सेव्ह जास्त खटकतोय. ओगरचा इंट ५, ट्रोलचा ७, हे बिचारे राक्षस वाचणार कसे? फास आहे ना, मग स्ट्रेंग्थ सेव्ह ठेव, तिथे ओगर १९ आणि ट्रोल १८ आहे, निदान झटापट तरी होईल. आणि प्रत्येक टर्नच्या शेवटी परत सेव्ह द्यायचा. दुसरं म्हणजे वॉरलॉकचे स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) सगळे एकाच लेव्हलचे असतात बाळा, पाचव्या लेव्हलला दोन्ही तिसऱ्याचे आणि शॉर्ट रेस्टला परत भरतात. म्हणजे तो हा स्पेल दुसऱ्या लेव्हलला टाकणारच नाहीये, तू अपकास्टची (वरच्या लेव्हलच्या स्लॉटने टाकल्यावर काय वाढतं त्याची) ओळ आधी तपास.

निशाचर_डीएम:
अरे हो, अपकास्टला त्याने दर स्लॉटला २डी६ आणि ५ फूट त्रिज्या लिहिलीये 😅 आता असं करतो: १० फूट त्रिज्या, २डी६ एकदाच, स्ट्रेंग्थ सेव्ह, टर्नच्या शेवटी परत सेव्ह, कॉन्सन्ट्रेशन, अपकास्टला फक्त १डी६. चालेल?

गुहेतली_मावशी:
चालेल. सेव्ह झाला तर अर्धं डॅमेज की काहीच नाही ते लिही, नाहीतर ऐन फाइटमध्ये वाद घालत बसाल.

फासे_पडले:
आणि आधीच सांगून ठेव की दोन-तीन सेशन ट्रायलवर आहे. हीलिंग स्पिरिट हा स्पेल तर ऑफिशियल होता, त्यालाही नंतर एराटामध्ये (अधिकृत दुरुस्त्यांमध्ये) कात्री लावावी लागली.

कोकणी_बार्ड:
नाव मात्र बदलू नका, नाव एक नंबर आहे