बेडरूमचा आर्क फॉल्ट ब्रेकर सारखा पडतोय, काढून साधा एमसीबी टाकू का?

शंकासुर:
मंडळी डोकं उठलंय. डीबी (सगळे ब्रेकर असतात तो बोर्ड) नवीन केला तेव्हा वायरमननं बेडरूमच्या सर्किटला तो आर्क फॉल्टवाला, म्हणजे वायरीतली ठिणगी ओळखून पडणारा ब्रेकर बसवला, वर एएफडीडी लिहिलंय. बरेच दिवस गप होता, आता या आठवड्यात चारदा पडला. दिवसभर चार्जर आणि टेबल लॅम्प चालू असतात तेव्हा काही नाही पण इस्त्री लावली की थोड्या वेळात खट्, कधी कधी तर कोणी पलंगावर बसलं की लगेच (बायको म्हणते तुझ्या वजनानं पडतो). तीच इस्त्री किचनमध्ये मस्त चालते म्हणजे इस्त्री चांगलीये. ब्रेकरच खराब असणार ना? काढून साधा 16 अँपिअरचा एमसीबी (नेहमीचा ब्रेकर) टाकावा म्हणतोय.

खटका:
काढ आणि फेक. माझ्याकडे व्हॅक्युम क्लीनर लावला की पडायचा, वैतागून साधा टाकला, तेव्हापासून शांतता.

वायरमन_दादा:
थांबा, काढू नका. किचनला साधा एमसीबी असेल तर तो ठिणगी बघतच नाही, त्यामुळे इस्त्री तिथं चालली म्हणून ती निर्दोष असं होत नाही. आणि ब्रेकर खराब असता तर तो कोण पलंगावर बसलंय हे बघून पडला नसता 😀

साधा एमसीबी दोनच गोष्टींना पडतो, ओव्हरलोड आणि शॉर्ट. सी कर्व्हचा (घरात वापरतात त्यातला एक प्रकार) 16 चा असेल तर झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. आता समजा वायरीच्या तारा अर्धवट तुटल्यात नाहीतर स्क्रू लूज आहे, तर ठिणगी उडते ती लोडच्या सीरिजमध्ये, म्हणजे इस्त्रीच्याच करंटच्या वाटेत. 1000 वॉटची इस्त्री 230 व्होल्टला साधारण सव्वाचार अँपिअर घेते, ठिणगीमुळे ते उलट थोडं कमीच होतं, म्हणजे एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. आरसीसीबी (लीकेजला पडणारा ब्रेकर) पण गप, कारण फेजनं गेला तेवढाच करंट न्यूट्रलनं परत आला, लीकेज कुठंय? इकडे इन्सुलेशन जळून त्याचा कोळसा होत असतो, आणि कोळशातून करंट वाहतो, त्यामुळे पुढची ठिणगी आणखी सहज पडते. आग लागते ती अशी.

एएफडीडी करंट किती यापेक्षा त्याच्या लाटेचा आकार बघतो. 50 हर्ट्झला करंट सेकंदात 100 वेळा शून्यावर येतो, तिथं आर्क (ठिणगी) विझतो आणि व्होल्टेज पुरेसं चढलं की परत पेटतो, म्हणून शून्यापाशी लाट सपाट दिसते आणि वर हाय फ्रिक्वेन्सीची खरखर असते. हे दोन्ही सलग दिसलं की पाडतो. आयईसी 62606 या एएफडीडीच्या आंतरराष्ट्रीय मानकात सीरिज आर्कची चाचणी 2.5 अँपिअरपासून सुरू होते, तिथं एका सेकंदाच्या आत पडायला हवा. तुमचे लॅम्प-चार्जर मिळून अर्धा अँपिअर पण घेत नसतील, म्हणून तेव्हा त्याला काही कळत नाही. दोष तेव्हाही तिथंच असतो.

इस्त्री कशी लावता? थेट सॉकेटला का एक्स्टेन्शन बोर्डला?

शंकासुर:
एक्स्टेन्शनला. वायर पलंगाखालून येते... अरे बापरे, बघतो.

कार्बन_ब्रश:
@खटका तुझा व्हॅक्युमवाला किस्सा वेगळा आहे. त्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या कम्युटेटरला घासून करंट देतात, तिथं ठिणगी कायमच उडते, चांगले ब्रेकर तेवढं ओळखून सोडून देतात, पण ब्रश झिजले की ठिणग्या वाढतात. ब्रश बदलून बघायचे होतेस.

खटका:
आता ब्रेकर भंगारात गेला 😐

शंकासुर:
सापडलं!! प्लग काढून वायर ओढली तर पलंगाचा पाय बरोब्बर तिच्यावर. दाबून चपटी झालीये, तिथं बोटाएवढा भाग तपकिरी पडलाय आणि वाकवली की आत करकर लागतं. चिरून बघितली, एका गाभ्याच्या निम्म्या तारा तुटलेल्या, टोकं काळी. आम्ही रोज रात्री यावर झोपत होतो. आता इस्त्री त्याच सर्किटवर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलीये, पाऊण तास झाला, पडला नाही.

वायरमन_दादा:
शाब्बास. तरी डीबी आणि सॉकेटचे स्क्रू एकदा टाइट करून घ्या, मेन बंद करून आणि टेस्टरनं बघून. लूज जोड कधी कधी ठिणगी न पाडता नुसता लालभडक तापतो, ते एएफडीडीला बहुतेक वेळा दिसत नाही. प्लेट गरम लागली किंवा जळका वास आला तर ब्रेकर पडायची वाट बघत बसू नका. आणि टेस्टचं बटण दाबून ब्रेकर ठीक आहे एवढंच कळतं, वायरिंग ठीक आहे हे नाही.

शंकासुर:
नक्की. बरं दादा, ती वायर तेवढी कापून, जोडून, टेप मारून वापरली तर?

वायरमन_दादा:
नाही.