मदत हवी आहे: उत्तरेच्या अंधाऱ्या हॉलला राखाडी की पिवळा?

पुण्यात जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दिवाळीआधी रंगकाम उरकायचंय. पेंटर पुट्टी मारून मोकळा झालाय आणि "ताई, शेड नंबर द्या" म्हणून मागे लागलाय.

हॉलच्या खिडक्या उत्तरेला, समोर दुसरी इमारत. ऊन येतच नाही. खाली हिरवट करडा कोटा (फरशीचा दगड) आहे, तो बदलणार नाही. मला निळसर राखाडी हवा होता, पण भिंतीवर पट्टा मारून पाहिला तर दिवसा सिमेंट आणि रात्री ट्यूबखाली चक्क दवाखाना! सासूबाई म्हणतात पिवळा द्या. पण फर्निचर सगळं सागवानी, पिवळंधमक होईल अशी धास्ती वाटते.

बेडरूम पश्चिमेची, दुपारनंतर भट्टी. तिथे थंड रंगाने फरक पडेल का?

भिंतीला_कान : उत्तरेच्या खिडकीतून येतो तो आकाशाचा उजेड, मुळातच निळसर. त्यात राखाडी आणखी गारठतो. सासूबाईंची दिशा बरोबर आहे, फक्त पिवळा नको, किंचित पिवळसर झाक असलेला ऑफव्हाइट घ्या. चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून शेडकार्डवर आवडला त्याहून एक घर फिका. आणि नमुना भिंतीवर नको, शेजारच्या जुन्या रंगाने नजर फसते. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर दोन हात मारा, वाळू द्या आणि कोट्याला टेकवून सकाळ-संध्याकाळ बघा.

मधली_आळी : त्याआधी ट्यूब बदला हो! ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची असणार. ३००० (पिवळसर) किंवा ४००० ची (मधली) लावा, मगच शेड ठरवा.

तुमचा राखाडी बेडरूममध्ये न्या. संध्याकाळच्या केशरी उन्हात तो छान दिसेल. खोली मात्र तेवढ्याने गार होणार नाही, गारवा फक्त डोळ्यांना. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेरून चिक (काड्यांचा पडदा) सोडा, आतला पडदा लावला तरी उष्णता आत आलेलीच असते.

धागाकर्ती : चिकेचं सुचलंच नव्हतं, आभार! हॉलच्या छताला नेहमीचा पांढरा चालेल ना?

भिंतीला_कान : निळसर झाकेचा शुभ्र नको, त्याच्याशेजारी ऑफव्हाइट भिंती मळक्या दिसतात. दुकानात भिंतीचाच शेड निम्मा टिंट (रंगद्रव्य) घालून मागा, मशीनवर करून देतात.